'लोवब्रुद्द' : एका शब्दाची उकल



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपणांपैकी काहींच्या भुवया उंचावल्या असतील. व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरी चालते, शिवकाल चालतो, अर्थसंकल्पही चालतो. पण नॉर्वेसारख्या दूरच्या देशातील एक शब्द, आणि तोही कायदा मोडण्याविषयीचा, हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे कोणी मनात म्हटले असेल तर त्यांची चूक नाही. आमचे म्हणणे एवढेच की, या शब्दाचा अर्धा भाग आपल्या नकळत केव्हाच आपल्या घरात येऊन बसला आहे. "धाकटा सध्या लॉ करतो आहे," असे आपण सहज म्हणतो. हा 'लॉ' मूळचा इंग्रजांचा नव्हे. इसवी सनाच्या नवव्या शतकात डेन्मार्क आणि नॉर्वेकडील दर्यावर्दी इंग्लंडवर चालून गेले, पुष्कळ जण तेथेच शेतीवाडी करून राहिले, आणि त्यांच्या बोलीतील हा शब्द इंग्रजांच्या तोंडी बसला. इंग्रजांचा स्वतःचा शब्द होता 'डोम'. तो पुढे 'डूम' होऊन विनाशाच्या अर्थापुरता उरला. आपल्या न्यायमंदिरांत रोज उच्चारला जाणारा 'लॉ' असा उत्तर समुद्रावरून इंग्लंडमार्गे आपल्याकडे आला आहे.

तर आजचा शब्द 'लोवब्रुद्द'. परकीय उच्चार देवनागरीत हुबेहूब उतरत नाहीत. जवळचा उच्चार आम्ही घेतला आहे. हा सामासिक शब्द आहे. 'लोव' म्हणजे कायदा, 'ब्रुद्द' म्हणजे मोड किंवा भंग. दोन्ही मिळून कायदेभंग. आपण म्हणाल, संपले व्याख्यान! परंतु शब्दाचा अर्थ कळणे आणि शब्द कळणे यांत अंतर असते. तेवढे अंतर आज आपण चालून पाहू.

प्रथम 'लोव' घेऊ. नॉर्वेच्या जुन्या भाषेत 'लग' असा एक शब्द होता. त्याचा अर्थ थर. जे खाली ठेवले, अंथरले, रचले ते. त्याचे अनेकवचन 'लॉग', म्हणजे रचून ठेवलेल्या गोष्टी. या अनेकवचनालाच कायदा असा अर्थ आला, आणि त्यातूनच आजचा 'लोव' निघाला. मूळ धातू आडवे पडणे, आडवे ठेवणे या अर्थाचा आहे. भिंत बांधताना गवंडी विटेवर वीट ठेवतो, तसे एकेक वचन ठेवत गेले आणि त्यांची जी रास झाली ती कायदा, अशी ही कल्पना दिसते.

आजच्या नॉर्वेजियन भाषेत 'लाग' हा शब्द थर या अर्थी चालतो, आणि फुटबॉलच्या संघालाही 'लाग'च म्हणतात. एकत्र जमलेली मंडळी तीही 'लाग'. याच कुळातला आणखी एक शब्द इंग्रजीतून आपल्यापर्यंत आला आहे. जुन्या भाषेत 'फे' म्हणजे गुरेढोरे आणि म्हणून धन. आपले धन दुसऱ्याच्या धनाशेजारी ठेवून जो भागीदार होतो तो 'फेलगी'. त्याचा इंग्रजीत 'फेलो' झाला. गंमत अशी की हा 'फे' आणि आपला संस्कृत 'पशु' हे एकाच प्राचीन मुळाचे अंकुर आहेत. तेव्हा आपल्या विद्यापीठांत जे विद्वान 'फेलो' म्हणून मिरवतात त्यांच्या पदवीत एक पशू दडलेला आहे, हे त्यांना सांगायला हरकत नाही; मात्र जरा जपून सांगावे.

कायदा म्हणजे ठेवलेली, बसवलेली वस्तू ही कल्पना एकट्या नॉर्वेची नाही. जर्मन भाषेत कायद्याला 'गेझेट्स' म्हणतात, तो 'बसवणे' या क्रियापदापासून झाला. आपले 'विधी' आणि 'विधान' हे शब्द 'धा' म्हणजे ठेवणे या धातूपासून आले. 'संहिता' हाही त्याच धातूचा. एकत्र ठेवलेली ती संहिता. 1 जुलै 2024 पासून आपल्या देशात 1860 च्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. नाव बदलले तरी 'संहिता' राहिलीच. आणि खुद्द 'कायदा'? तो अरबी. 'बसणे' या अर्थाच्या धातूपासून निघालेला, बैठक, पाया असा मूळ अर्थ असलेला. नॉर्वेच्या लोकांनी 17 मे 1814 रोजी आपली राज्यघटना केली, तिला ते 'ग्रुन्लोव' म्हणतात. 'ग्रुन' म्हणजे जमीन, तळ. म्हणजे अरबस्तानातील मनुष्य, गंगेकाठचा ऋषी आणि उत्तर ध्रुवाजवळचा कोळी या तिघांनाही कायदा म्हणताना भक्कम, खाली रोवलेली अशी काहीतरी वस्तू डोळ्यांपुढे दिसली.

ती वस्तू ठेवत कोण होते? नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर गूलेन नावाचे ठिकाण आहे. तेथे त्या प्रदेशातील शेतकऱ्यांची सभा भरत असे. अशा सभेला 'तिंग' म्हणत. आजही तेथील संसद 'स्तूरतिंग', म्हणजे मोठी सभा, या नावाने ओळखली जाते. या सभेत तंटे तुटत आणि कायदा तोंडी सांगितला जाई. तो पुढे लेखनात आला. गूलेनच्या सभेच्या कायद्याची जी सर्वांत जुनी संपूर्ण पोथी आहे ती तेराव्या शतकाच्या मध्याची असून आज कोपनहेगनला आहे. तथापि, या सभेचे चित्र फार सोज्वळ रंगवू नये. त्या काळी नॉर्वेत गुलाम होते, आणि त्यांना त्या सभेत तोंड नव्हते. कायद्याचा थर सगळ्यांनी मिळून ठेवला असे म्हणताना 'सगळे' या शब्दात कोण बसत होते हे विचारलेच पाहिजे.

येथे एका खड्ड्याची सूचना देऊन ठेवतो. नॉर्वेजियन मूल आईला विचारते, "मला लोव आहे का?" म्हणजे "मी करू का? परवानगी आहे का?" हाही 'लोव'च. कोणी उत्साही मनुष्य लगेच सिद्धांत मांडील की, पाहा, त्या देशात कायदा म्हणजे परवानगी! परंतु हे दोन 'लोव' सख्खे भाऊ नव्हेत. केवळ नावासारखे नाव आहे. परवानगीचा 'लोव' स्तुती आणि संमती या अर्थाच्या 'लोफ' या निराळ्या जुन्या शब्दापासून आला. उच्चारांच्या सारखेपणावर इमले चढवण्याची हौस आपल्याकडेही कमी नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता उत्तरार्ध, 'ब्रुद्द'. याचे क्रियापद 'ब्रूते', म्हणजे मोडणे. जुन्या भाषेत 'ब्रयोता'. इंग्रजीतील 'ब्रेक' याचा सख्खा नातलग असेल असे वाटते, पण तसे नाही. सख्खा नातलग आहे तो 'ब्रिटल', म्हणजे ठिसूळ. 'ब्रुद्द' हे रूप मात्र डॅनिश वळणाचे आहे. नॉर्वे चार शतकांहून अधिक काळ, 1814 पर्यंत, डेन्मार्कशी जोडलेला होता आणि लिहिण्याची भाषा डॅनिश झाली होती. एकोणिसाव्या शतकात ईवार ओसेन या शेतकऱ्याच्या मुलाने गावोगाव हिंडून बोली गोळा केल्या, 1848 मध्ये त्यांचे व्याकरण व 1850 मध्ये कोश प्रसिद्ध केला, आणि त्यातून नॉर्वेची दुसरी लेखनभाषा उभी राहिली. या दुसऱ्या भाषेत आपला शब्द 'लोवब्रोत' असा आहे, आणि तो जुन्या 'लॉगब्रोत'च्या जवळचा आहे. म्हणजे अंगरखा डॅनिश असला तरी देह त्या मातीतलाच. आणखी एक मौज अशी की डॅनिश भाषेत 'ब्रुद' या एकाच लिखाणाचे दोन अर्थ होतात, मोड आणि नवरी. नॉर्वेजियनांनी मोडीच्या 'ब्रुद्द'ला एक 'द' जास्त देऊन दोघींना वेगळे केले. लग्नपत्रिका छापणाऱ्यांवर त्यांचे उपकारच झाले म्हणायचे.

'ब्रुद्द'चा गोतावळा मोठा आहे. हाड मोडले की 'बेइनब्रुद्द', आपला अस्थिभंग. वचन मोडले की 'लोफ्तेब्रुद्द', आपला वचनभंग. घरात शिरून चोरी केली की 'इन्ब्रुद्द', आत-मोड. आपण घरफोडी म्हणतो. दगडाच्या खाणीला 'स्तेइनब्रुद्द' म्हणतात. आणि जो रानातील पडीक जमीन फोडून प्रथम लागवडीखाली आणतो त्याचे काम 'नीब्रोत', नवी मोड. तेव्हा मोडणे ही क्रिया त्या भाषेत सरसकट वाईट नाही. मराठीतही 'भंग' पुष्कळ ठिकाणी अशुभ, पण तांबडे 'फुटते' आणि पालवी 'फुटते' तेव्हा आपल्याला आनंदच होतो.

कायदा मोडण्याला त्या भाषेत आणखीही शब्द आहेत, आणि त्यांच्याशी ताडून पाहिल्यावाचून आपल्या शब्दाचे वैशिष्ट्य ध्यानात येणार नाही. एक आहे 'ओवरत्रेदेल्से', म्हणजे रेषेवरून पाऊल पलीकडे टाकणे. आपले 'अतिक्रमण' आणि 'उल्लंघन' तंतोतंत असेच. दुसरा 'फोरसेल्से', म्हणजे चुकीचे पाहणे, नजरचूक. किरकोळ अपराधासाठी तो वापरीत. तिसरा 'फोरब्रूतेल्से', गंभीर अपराध. यातही 'ब्रूते' आहेच, पण मागे जो 'फोर' उपसर्ग लागला आहे तो उत्तर जर्मनीतील व्यापाऱ्यांच्या बोलीतून आलेला, आणि तो क्रियेला वाईटपणाचा रंग देतो. आपल्या 'अपराध' शब्दातला 'अप' काहीसा याच जातीचा. अमरकोशात ज्याचा बाण लक्ष्यावरून चुकतो अशा धनुर्धराला 'अपराद्धपृषत्क' म्हटले आहे. म्हणजे अपराधाच्या मुळाशी नेम चुकणे आहे. फारसीतून आलेल्या 'गुन्ह्या'त मात्र पापाचा अर्थ भरलेला आहे.

नॉर्वेच्या 1902 च्या दंडविधानाने अपराधांचे दोन वर्ग केले होते, 'फोरब्रूतेल्से' आणि 'फोरसेल्से'. 2005 चे नवे दंडविधान 1 ऑक्टोबर 2015 रोजी अंमलात आले तेव्हा ही विभागणी गेली. सरकारी आकडेवारीत लहानमोठ्या सर्व अपराधांना आज 'लोवब्रुद्द' असेच म्हणतात. या शब्दात पाप नाही, विटाळ नाही, माणसाच्या रक्ताविषयी किंवा स्वभावाविषयी काही नाही. एक रचलेली वस्तू होती, ती एका ठिकाणी मोडली, एवढेच तो सांगतो. तो कृत्याचे नाव आहे, माणसाचे नव्हे. आमच्या मते या शब्दाचा खरा मोठेपणा येथे आहे.

मोडले म्हटल्यावर पुढचा प्रश्न ओघानेच येतो. हाड मोडले तर आपण ते सांधतो. मग कायदा मोडला तर? त्या भाषेत दंडाला 'बूत' म्हणतात. आणि कापडाला लावायच्या ठिगळालाही 'बूत'च म्हणतात! क्रियापद 'बोते'. कोळी फाटलेले जाळे विणून दुरुस्त करतो तेव्हा तो 'बोते' करतो, आणि अपराधी दंड भरतो तेव्हा तोही 'बोते' करतो. इंग्रजीतील 'बेटर' याच मुळाचा. दंड म्हणजे मोडलेले पुन्हा बरे करण्यासाठी लावलेले ठिगळ. आपल्या 'दंड' शब्दात काठी आहे. त्यांच्या शब्दात सुई-दोरा आहे.

1263 ते 1280 या काळात नॉर्वेवर मॅग्नुस नावाचा राजा होता. प्रदेशाप्रदेशाचे निरनिराळे कायदे एकत्र करून त्याने 1274 मध्ये साऱ्या देशाचा एक कायदा केला. सतराव्या शतकापर्यंत तो टिकला. या राजाला इतिहास 'लागाबोते' म्हणून ओळखतो, कायद्याला ठिगळ लावणारा, कायदा सुधारणारा. जग जिंकणाऱ्या राजांच्या पदव्या आपण पुष्कळ ऐकतो. शिंप्याची पदवी मिळालेला राजा विरळा.

परंतु जुन्या कायद्याला दुसरी बाजूही होती. काही कृत्ये अशी मानली जात की त्यांना ठिगळच नाही. त्यांना 'ऊबूतामोल', म्हणजे सांधता न येणारी प्रकरणे म्हणत. ज्याने ते केले तो 'ऊतलगी' होई, कायद्याच्या बाहेर पडलेला. इंग्रजीतील 'आउटलॉ' तो हाच. त्याला कायद्याचे छत्र उरत नसे, त्याला आसरा देणे हाही अपराध होई. येथे मोड कृत्यापुरती राहिली नाही. माणूसच मोडून वेगळा काढला गेला.

हा धोका तेराव्या शतकातच संपला असे मात्र नाही. 1900 साली नॉर्वेने भटक्यांसाठी जो कायदा केला त्यात 'लोसयेंगेर' हा शब्द आला, म्हणजे मोकळा फिरणारा. काय केले याच्याइतकेच कोण आहे यालाही महत्त्व आले. त्या देशातील फिरत्या रोमानी कुटुंबांना 'माणसाळवण्या'साठी स्वानवीकेन येथे श्रमवसाहत चालवली गेली, 1908 पासून तब्बल 1989 पर्यंत. पुढे तेथील सरकारला या साऱ्या धोरणाबद्दल क्षमा मागावी लागली. आणि आपण तरी काय वेगळे? 1871 च्या कायद्याने आपल्या देशातील कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील वसाहत जुन्या माणसांना ठाऊक आहे. मूल अजून पाळण्यात असताना त्याच्या कपाळी शब्द लिहिला जात होता. 1952 साली तो कायदा गेला, त्या जमाती विमुक्त झाल्या; पण लोकांच्या तोंडातला शब्द कायद्याइतक्या लवकर रद्द होत नाही, हे आपण सारे जाणतो. कृत्याचे नाव माणसाला चिकटले की असे होते. म्हणून शब्दांची उकल ही केवळ पंडितांची करमणूक नव्हे.

आता एक शंका आपल्या मनात आली असेल. कायदा मोडणे नेहमीच वाईट असते काय? मराठी माणसाला ही शंका येणारच, कारण 1930 साली 'कायदेभंग' हा शब्द आपल्याकडे मानाचा झाला. त्या वर्षी शिरोड्याच्या मिठागरांवर लोकांनी मीठ उचलले, बिळाशीला आणि चिरनेरला जंगलाचा कायदा मोडला. आणि त्यांना कोणी गुन्हेगार म्हटले तर ऐकणाऱ्याला राग येई. शब्दाची घडण 'लोवब्रुद्द'सारखीच, पण मागे 'सविनय' लागला आणि अर्थ उजळला.

नॉर्वेलाही हा अनुभव आला. 1940 मध्ये जर्मन सैन्याने देश व्यापला. नव्या सत्तेने न्यायदानात ढवळाढवळ आरंभली, तेव्हा त्या वर्षाच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी एकत्र राजीनामे दिले. 1942 मध्ये हजारो शिक्षकांनी सत्तेच्या संघटनेत जाण्याचे नाकारले. सुमारे अकराशे जणांना अटक झाली आणि कित्येकांना अतिउत्तरेकडील किर्केनेस येथे मजुरीला पाठवले. कायदा कोणी मोडला, शिक्षकांनी की सत्तेने? जुन्या भाषेत यासाठी 'ओलॉग' असा शब्द होता: कायद्याचे रूप घेतलेला अ-कायदा. आणि दोन देशांना जोडणारा खरा दुवाही आहे. ऑर्ने नेस या नॉर्वेच्या तत्त्वज्ञाने गांधीजींच्या विचारांचा आयुष्यभर अभ्यास केला, 1960 मध्ये गांधी आणि अणुयुग या विषयावर पुस्तक लिहिले. 1970 मध्ये मार्दोला नदीचा धबधबा वीजप्रकल्पात जाऊ नये म्हणून माणसे वाटेत बसली, तेव्हा पोलिसांनी उचलून नेलेल्यांत हे प्राध्यापकही होते. सत्याग्रही कायदा मोडतो तेव्हा तो तोंड लपवीत नाही, शिक्षा चुकवीत नाही. मोड उघड्यावर ठेवून तो लोकांना म्हणतो, हा थर पुन्हा नीट ठेवा.

शेवटी सर्वांत कठीण कसोटी. 22 जुलै 2011 रोजी नॉर्वेत एका माणसाने 77 जणांचे प्राण घेतले. त्यांत पुष्कळशी कोवळी मुले होती. 'ऊबूतामोल' हा जुना शब्द याहून कोणत्या कृत्याला लागू पडावा? या मोडीला ठिगळ नाही; गेलेली मुले परत येत नाहीत. तरीही त्या देशाने त्या माणसाला कायद्याबाहेर फेकले नाही. उघड न्यायालयात त्याचा खटला चालला, त्याला वकील मिळाला, आणि 24 ऑगस्ट 2012 रोजी 21 वर्षांच्या, गरज पडल्यास वाढवता येणाऱ्या, स्थानबद्धतेची शिक्षा झाली. त्याच्यासाठी कायदा वाकवला असता तर मोडीत आणखी एका मोडीची भर पडली असती. त्याच देशात 1991 च्या कायद्याने मध्यस्थी मंडळे स्थापन झाली आहेत. तेथे लहानसहान प्रकरणांत दुखावलेला आणि दुखावणारा समोरासमोर बसतात, आणि काय केले म्हणजे भरपाई होईल हे आपसांत ठरवतात. फोडलेली काच पोराने स्वतः बसवून द्यायची, असा साधा व्यवहार. जाळे विणणाऱ्या कोळ्याची ती 'बूत' असे आम्हाला वाटते.

भगिनींनो आणि बंधूंनो, व्युत्पत्तीने कोणताही देश साधू ठरत नाही. हे आपण त्यांच्याच इतिहासात पाहिले. पण शब्द आपल्याला प्रश्न विचारायला शिकवतात. उद्या वर्तमानपत्रात कोणाच्या नावापुढे 'गुन्हेगार' वाचाल, किंवा वाड्यातल्या कोणा पोराविषयी "त्याची जातच तसली," असे कानावर येईल, तेव्हा क्षणभर थांबून तीन गोष्टी विचाराव्या. मोडले ते काय? जे मोडले ते कोणी, कोणासाठी रचले होते? आणि ते सांधायचे कसे? एवढी आठवण आपण घरी नेलीत तर या उकाड्यात आपण दाखवलेल्या सहनशीलतेचे थोडेफार सार्थक झाले असे आम्ही समजू.